एकोणिसावा वाटा

१२ एप्रिल १९९८, ब्रह्मपुरी

वैरागडे सर म्हणाले, संशोधन करणाऱ्याने रोजची नोंद ठेवावी आणि ती इंग्रजीत ठेवावी, म्हणजे इंग्रजी सुधारेल. मी दुकानातून वही आणली आणि मराठीत लिहायला बसले. इंग्रजी माझ्या प्रबंधात भरपूर आहे, ती तिथेच राहू दे.

तर मी प्रेमिला उमाजी शेंडे, वय तेहतीस, एम.एस्सी. गणित. इथल्या कॉलेजात तासाप्रमाणे शिकवते. तास झाला तर मी आहे, नाही झाला तर नाही. कायमची जागा एकच आहे आणि प्राचार्य म्हणतात, पीएच.डी. हातात आली की ती तुमचीच. सर नागपूरच्या एका कॉलेजात आहेत आणि माझे मार्गदर्शक आहेत, म्हणजे माझ्या कागदांवर सही करतात. नोंदणीची मुदत परवा वाढवून आणली. ३१ डिसेंबर १९९९. त्यापुढे एक दिवसही मिळणार नाही, असं विद्यापीठाच्या खिडकीतल्या माणसाने मी न विचारताच सांगितलं.

विषय आहे लंबवर्तुळी वक्र आणि त्यांच्यावर बेतलेलं गूढलेखन. स्टाफरूममध्ये हे नाव काढलं की लोक चहाकडे बघायला लागतात. वक्र लंबवर्तुळासारखा दिसतही नाही, हे सांगायला लागले की चहा संपतो.

१९ एप्रिल, पिपरटोली

रविवार म्हणून घरी आले. तलावात मोठी मासेमारी होती. आमच्या टोलीत ढिवरांची अठरा घरं. सगळ्यांची जाळी एकत्र, आणि निघालेली मासोळी बांधावर एका ठिकाणी. मग तिचे वाटे पडतात. पोचूकाका सगळ्यांत म्हातारे, ते वाट्यांकडे पाठ करून उभे राहतात. दुसरा एका ढिगाला काठी लावून विचारतो, "हा कोनाचा?" पोचूकाका न बघता एका घराचं नाव घेतात. ज्याला लहान आला त्याला भांडायला जागा नाही आणि ज्याला मोठा आला त्याला मिरवायला जागा नाही.

ढीग मात्र एकोणीस असतात. शेवटचा येणाऱ्याचा. कोण येणार हे ठरलेलं नसतं. एखादा वाटसरू, कुणाची माहेरी आलेली लेक, कुणीच नाही आलं तर बगळे. पण तो वाटा पडल्याशिवाय वाटणी झाली असं आमच्यात कुणी म्हणत नाही.

माझ्या प्रबंधाचं मूळ या बांधावर आहे, हे मी सरांना कधी सांगितलं नाही. y² = x³ + १० हे समीकरण घ्यायचं आणि आकडे फक्त शून्य ते अठरा वापरायचे. एकोणीस झाले की पुन्हा शून्य, घड्याळात बारानंतर एक येतो तसं. या समीकरणात बसणाऱ्या x आणि y च्या जोड्या मी सात वर्षांपूर्वी हाताने मोजल्या. अठरा निघाल्या. एकोणिसावा बिंदू कागदावर दाखवता येत नाही, तो अनंतावर आहे असं धरायचं, पण त्याच्याशिवाय वक्रावरची बेरीज पुरी होत नाही. अठरा घरं आणि एक येणाऱ्याचा! मी वसतिगृहाच्या खाटेवर बसून रडले होते. खोलीतल्या मुलीला वाटलं घरून वाईट पत्र आलं.

बेरीजही सोपी आहे. दोन बिंदूंमधून रेघ ओढायची, ती वक्राला तिसऱ्या ठिकाणी भेटते, तो बिंदू आडव्या अक्षापलीकडे उलटवायचा. (१, ७) आणि (४, ६) यांची बेरीज (१२, ३) येते.

बिंदूंची एकूण संख्या मूळ संख्या असली की वक्राचे लहान तुकडे पाडता येत नाहीत, म्हणून तो सुरक्षित, हे सगळेच जाणतात. माझं म्हणणं एवढंच की कुठली तरी मूळ संख्या कशाला, ज्या संख्येला आकडे पुन्हा शून्य होतात तीच असू दे. जितके आकडे तितकेच बिंदू. कमी नाही, जास्त नाही. असे मोठमोठे वक्र शोधायचे आणि त्यांवर कुलपं बेतायची, हा माझा प्रबंध. त्यांना मी समवाटा वक्र म्हणते. इंग्रजीत काहीतरी रुक्ष नाव दिलंय.

३ मे, पिपरटोली

बाबा पडवीत बांबूच्या कामट्यांचा मासे धरायचा पिंजरा विणत होते. वर्गात दाखवायला मी एक मागितला.

"कायले पाह्यजे?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं की माझं गणित असंच आहे, आत जायला सोपं आणि बाहेर यायला कठीण.

"हौ. कामट्याची टोकं आतमंधी हायेत ना. जाताना वाकतात, येताना टोचतात."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, तुमी एक आकडा मनात धरा. बाबांनी सहा धरला आणि लगेच सांगूनही टाकला. (१, ७) हा बिंदू स्वतःतच सहा वेळा मिळवला की येतो (१२, ३). हे उत्तर गावभर ओरडून सांगितलं तरी चालतं, कारण उत्तरावरून सहा शोधायचा रस्ता नाही. एकोणीस बिंदूंत बोटांवर मोजून सापडेल, पण पन्नास अंकी संख्या घेतली तर जगातले सगळे संगणक लावूनही आयुष्य पुरायचं नाही. दोन माणसांनी आपापला आकडा लपवायचा आणि फक्त उत्तरं एकमेकांना सांगायची. दुसऱ्याचं उत्तर आपल्या आकड्याइतक्या वेळा मिळवलं की दोघांच्या हातात एकच बिंदू येतो, आणि मधे कान देऊन उभा असलेला कोरडाच राहतो. उद्या बँका आणि टेलिफोन यावरच चालतील.

बाबांनी पुरतं ऐकलं. "आन् मांगून?"

"मांगून काय?"

"मांगून मी हात घालतो ना, मासोळ्या काढाले. तिथची गाठ कोन बांधते?"

"गणिताले मांगून तोंड नसते, बाबा."

"असंन बाप्पा," ते म्हणाले आणि कामटी ओली करायला उठले. वर्गासाठी उदाहरण छान मिळालं. फक्त मागचं तोंड शिवून टाकावं लागेल, नाहीतर पोरं हेच विचारतील.

९ ऑगस्ट, ब्रह्मपुरी

बंगलोरच्या प्रा. शेषगिरींना पहिली तीन प्रकरणं पाठवली. या विषयावर देशात बोलावं असे जे दोघे-तिघे आहेत त्यांतले ते एक. पत्र चार वेळा लिहिलं.

उत्तरासाठी माझा कुठला पत्ता द्यायचा, इथे अडले. कॉलेजातलं टपाल शिपायाच्या टेबलावर मरतं. खोली भाड्याची, मालकीण बदलायला सांगते आहे. घरचा पत्ता लिहिला, ढिवरटोली, पिपरटोली, तालुका ब्रह्मपुरी. आमचे पोस्टमन दसरूभाऊ सायकलवरून येतात आणि ज्याचं पत्र त्याच्याच हातात देतात, तो शेतात असेल तर शेतात जाऊन. पण तो पत्ता वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी बघितला आणि लाज वाटली, खरं सांगते. वाटलं, हे वाचून ते पहिलं पान उलटणारच नाहीत. खोडला. पुन्हा पाकीट केलं आणि लिहिलं, द्वारा डॉ. वैरागडे, गणित विभाग, नागपूर. भारदस्त दिसतं.

२० सप्टेंबर

नागपूर. सरांकडे काही आलेलं नाही.

२९ नोव्हेंबर

पुन्हा नागपूर. "अगं, आलं असतं तर मी दिलं नसतं का?" सर हसले. "मोठी माणसं आहेत ती. त्यांना रोज अशी पन्नास येतात." दुसरं प्रकरण वाचलंत का, असं विचारलं तर म्हणाले, छान आहे, समास थोडा मोठा सोड.

मला ते बरं वाटलं. समासाबद्दल बोलले म्हणजे आतल्या मजकुरात खोट काढायला काही नव्हतं.

१७ जानेवारी १९९९

तिसरं प्रकरण नव्याने लिहून पूर्ण. बिंदू मोजायची रीत आहे. मोठ्या वक्रावर एकेक बिंदू मोजत बसलं तर जन्म जाईल. बाबा मासोळी मोजत नाहीत, टोपल्या मोजतात आणि शेवटची टोपली किती रिकामी ते बघतात. तेच मी वक्रावर केलं. कॉलेजातल्या एकुलत्या संगणकावर, प्राचार्य जेवायला गेले की, चाळीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात वीस अंकी वक्र मोजून होतो. पुस्तकातल्या रीतीने दीड दिवस लागायचा. पण हे नुसतं हत्यार आहे. खरी गोष्ट पाचव्या प्रकरणात आहे, समवाटा वक्रांची.

१४ मार्च

बंगलोरचं उत्तर नाही. आज बसमध्ये मला एकदम सुचलं की काम चुकीचं असतं तर त्यांनी दोन ओळी तरी लिहिल्या असत्या. चूक दाखवण्याचा मोह कुठल्या गणितज्ञाला आवरतो? उत्तर नाही म्हणजे चूक नाही. मन इतकं हलकं झालं की मी उतरायचं ठिकाण चुकले.

८ ऑगस्ट

पत्र पाठवलं त्याला उद्या वर्ष होईल. आता सरांना विचारत नाही, ते चिडतात.

आई विचारते, "तुह्या वहीत असं काय हाय बाई, का लगन भी नाई अन् नवकरी भी नाई?" मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत थांब. तिने बोटांवर महिने मोजले. माझी आई गुणाबाई थांबण्यात तरबेज आहे, पण मोजून थांबते.

२१ नोव्हेंबर, पिपरटोली

प्रबंध टंकून झाला. दोनशे बारा पानं, काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. एक प्रत बाबांना दाखवायला आणली. त्यांना वाचता येत नाही, आणि आता डाव्या डोळ्याने दिसतही नाही. त्यांनी हात धुतले, पुसले, मग कव्हरवरच्या अक्षरांवर बोट फिरवलं.

"यातलं माहं नाव कोनतं?"

मी बोट धरून Umaji वर ठेवलं. संध्याकाळपर्यंत अठराही घरांत बोट फिरवून झालं. पोचूकाकांनी तर वही उघडून आकृतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा आपलाच तलाव होय."

१३ डिसेंबर, ब्रह्मपुरी

सरळ लिहिते.

सकाळी सरांकडे सह्या घ्यायला गेले. पाचही प्रतींवर त्यांनी फोनवर बोलता बोलता सह्या केल्या. मग म्हणाले, जमा करायचा अर्ज कपाटात वरच्या खणात आहे, काढून घे. अर्जांच्या गठ्ठ्याखाली एक खाकी पाकीट होतं. त्यावर चहाच्या कपाचे दोन गोल आणि माझं नाव. फोडलेलं नव्हतं. शिक्का बंगलोरचा, ऑक्टोबर १९९८.

"अरे, हे इथे होतं होय?" सर म्हणाले. "मला वाटलं, कुठल्या तरी परिषदेचं निमंत्रण असेल. ती काय, दर आठवड्याला येतात."

पाकीट बसस्टँडवर बसून फोडलं. पत्र इंग्रजीत आहे, त्याचा मजकूर इथे उतरवून ठेवते:

"११ ऑक्टोबर १९९८. प्रिय कु. शेंडे, तुम्ही निवडलेले वक्र कृपया कुठेही वापरू नका. बिंदूंची संख्या आणि मूळ संख्या एकच असेल तर गुपित काही क्षणांत बाहेर पडतं, हे अलीकडेच काहीजणांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं आहे. लेखाची झेरॉक्स सोबत आहे. तुमच्याकडे नियतकालिकं पोचत नसावीत, यात तुमचा दोष नाही. मात्र बिंदू मोजायची तुमची तिसऱ्या प्रकरणातली रीत मी याआधी कुठे पाहिलेली नाही. त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, आणि मला त्यात मदत करायला आवडेल. जरूर लिहा. मार्चअखेरपर्यंत मी याच पत्त्यावर आहे."

शेवटच्या ओळी सभ्यपणाच्या असणार. माणसं जखमेवर फुंकर घालतात तशा.

१४ डिसेंबर

तास घेतले. एका तासाला पिंजरा टेबलावर होता. मागचं तोंड मी स्वतः सुतळीने शिवलेलं आहे. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ज्याला सही करता येत नाही त्या माणसाने विचारलं होतं.

१८ डिसेंबर

चार दिवस लेखाशी झटते आहे. शेवटी एकोणीसवाल्या छोट्या वक्रावरच करून बघायचं ठरवलं.

हिशेब एकोणीसवर थांबवायचा नाही, एकोणीसच्या वर्गापर्यंत, म्हणजे ३६१ पर्यंत न्यायचा. मग एखादा बिंदू स्वतःतच एकोणीस वेळा मिळवला की तो अनंतावरच्या बिंदूच्या अगदी जवळ जाऊन पोचतो, आणि किती हुकला तेवढा एक साधा आकडा हाती उरतो. (१, ७) चा एक आकडा, (१२, ३) चा एक. एकाला दुसऱ्याने भागायचं. भागाकार म्हणजेच गुपित.

पहिल्यांदा दोन्ही आकडे शून्य आले. शून्याला शून्याने भागता येत नाही! मी उठून उभी राहिले. वाटलं, माझा वक्र वाचला, सगळ्यांचे पडोत. दोन तास मी कपडे धुतले, भात केला, गाणं म्हटलं. मग जेवताना तळटीप वाचली: असं झाल्यास समीकरणात बदल करावा. म्हणजे y² = x³ + १९x + १० घ्या. एकोणीस म्हणजे शून्यच, वक्र तोच राहतो. भात तसाच ठेवून पुन्हा केलं.

सहा आले.

बाबांचा सहा. पन्नास अंकी वक्रावरही हेच, एवढंच सोपं. आणि ही युक्ती चालते कुठे, तर जितके आकडे तितकेच बिंदू असतील तिथेच. एखादा बिंदू कमी असता, जास्त असता, तरी ती चालली नसती. म्हणजे जगातल्या सगळ्या वक्रांमधून मी नेमके ते निवडले जे उघडे होते, आणि निवडले का, तर वाटणी बरोबर दिसत होती म्हणून. आठ वर्षं. मला स्वतःची इतकी कीव कधी आली नव्हती आणि इतका रागही.

२० डिसेंबर

सरांना दाखवलं. त्यांनी पत्र वाचलं, झेरॉक्स चाळली.

"अगं प्रेमिला, परीक्षक दोन्ही माझे ओळखीचे. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलेलं नाही, वाचणारही नाही. जमा कर, डिग्री घे, मग काय सुधारायचं ते सुधार."

मी म्हटलं, पाचवं प्रकरण काढते. त्याजागी हे वक्र कसे फुटतात ते लिहिते आणि तिसरं पुढे आणते. दहा दिवसांत करते.

"सारांश मंजूर झालाय समवाटा वक्रांवर. आता तो बदलायचा म्हणजे नवी नोंदणी. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. माझी सही आहे ती याच कागदांवर आहे."

पाकिटाबद्दल ते काही बोलले नाहीत. मीच म्हटलं, सर, हे वर्षभर तुमच्या कपाटात होतं. "आता तू मला दोष देणार का?" त्यांनी विचारलं. चेहरा खरोखर दुखावलेला होता. गंमत अशी की द्यायचा म्हटला तर पुरता देताही येत नाही. पत्ता मीच लिहिला होता.

३१ डिसेंबर

नागपूर. सह्या झालेल्या पाच प्रती पिशवीत घेऊन रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे सहाजण होते. सगळीकडे दोन हजार साल आणि संगणक बंद पडणार का याच्या गप्पा. माझा नंबर आला तेव्हा तोच माणूस खिडकीत होता.

"द्या मॅडम. आज शेवटचा दिवस आहे."

मी पिशवीत हात घातला. कुणी वाचणार नाही, हे खरं आहे. पण उद्या एखादा माझ्यासारखा, जिथे काही पोचत नाही अशा ठिकाणी बसून, ग्रंथालयातून हे काढील आणि डॉक्टर शेंडे म्हणतात म्हणून यावर कुलूप बेतील. आणि कुणी नाही वाचलं तरी मी वाचलंय.

"चुकून आले," असं म्हणाले आणि बाजूला झाले. मागचा माणूस लगेच पुढे सरकला.

हे फार शौर्याचं वगैरे नव्हतं. उमरेडपर्यंत मी वाटेल ते झालं तरी परत फिरावं का, याचाच विचार करत होते. खिडकी साडेपाचला बंद झाली असेल तेव्हा बस भिवापुरात होती.

९ जानेवारी २०००, पिपरटोली

बाबा बांधापर्यंत सामोरे आले होते.

"झालं का वही देनं?"

"झालं बाबा," मी म्हटलं.

दोन शब्द. माझ्या तोंडून कसे गेले कळलंही नाही. त्यांनी मागे वळून पोचूकाकांना हाक मारली, "झालं म्हंते!" आणि मग तोंडातोंडी ते सगळ्या टोलीला कळलं. आईने गोड केलं. मी खाल्लं. मी भित्री आहे, एवढंच यावर लिहिण्यासारखं आहे.

१२ जानेवारी, ब्रह्मपुरी

तीन दिवस शेषगिरींच्या पत्रातली तिसऱ्या प्रकरणाची ओळ वाचते आहे. सभ्यपणा म्हणून माणूस "मी याआधी कुठे पाहिलेली नाही" असं लिहील का? एका अनोळखी बाईला "मदत करायला आवडेल" लिहील का? आज हिय्या करून पत्र लिहिलं. उशीर का झाला ते सरांचं नाव न घेता सांगितलं. चूक मान्य केली, एकोणीसचं उदाहरण सोडवून जोडलं, आणि विचारलं की मोजायच्या रीतीवर लेख करायला अजून मदत कराल का. तेवढं झालं तर मला डिग्री नको, जागा नको. कुणीतरी तिकडे ओळखील की मी इथे काहीतरी खरं केलं होतं.

या वेळी पत्ता लिहिला, कु. प्रेमिला उमाजी शेंडे, ढिवरटोली, पिपरटोली, तालुका ब्रह्मपुरी. ठळक, मोठ्या अक्षरात, मागच्या बाजूलाही.

मार्चअखेरपर्यंत ते त्या पत्त्यावर आहेत. अडीच महिने आहेत. भरपूर आहेत.

१६ फेब्रुवारी

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, जूनपासून कायमच्या जागेवर कुणी वर्ध्याचा मुलगा येतोय. तो आला की माझे तास बंद. चहा पाजला.

मी पंचवीस दिवस पोस्टाचे धरले होते. फार तर तीस. आज पस्तीस झाले. अजून वेळ आहे.

११ मार्च, पिपरटोली

तलाव अर्ध्यावर आला आहे. आज मोठी मासेमारी होती. मी आईबरोबर बांधावर टोपल्या धुत होते तेव्हा दसरूभाऊंची सायकल दिसली. ते घरी जाऊन आले होते, घरी कुणी नाही म्हणून तलावावर आले.

"प्रेमिलाबाई, तुमचं पाकीट होय. बंगलोरचा शिक्का हाय पाहा!"

बाबा गुडघाभर पाण्यात होते. जाळं सोडून धावत वर आले. मी हात पुसेपर्यंत पाकीट त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते उलटसुलट केलं, वास घेतला, डोळ्याजवळ धरलं. मग माझ्याकडे दिलं.

अक्षर माझंच होतं. प्रा. शेषगिरींचं नाव, बंगलोरचा पत्ता, खाली मी मारलेली रेघ. त्यावर आडवी लाल शाई: निवृत्त, मार्च १९९९, नवा पत्ता ठाऊक नाही, पाठवणाऱ्यास परत. मागच्या बाजूला माझा पत्ता ठळक, मोठ्या अक्षरात, एकही चूक नाही.

मार्च १९९९. त्यांचं पत्र ऑक्टोबर अठ्ठ्याण्णवचं होतं. मी ते पत्र इथे तारखेसकट उतरवून ठेवलं आहे आणि तरी यंदाचा मार्च धरला. आयुष्यभर मोजण्याचं काम केलं आणि मला एक वर्ष मोजता आलं नाही. मी भारदस्त दिसायला गेले नसते, घरचा पत्ता खोडला नसता, तर हेच दसरूभाऊ त्या ऑक्टोबरात याच बांधावर मला ते पाकीट देऊन गेले असते.

"काय म्हंते बंगलोर?" बाबांनी विचारलं.

सगळे थांबले होते. जाळं धरलेली माणसंसुद्धा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते सगळ्यांना दिसलं.

"खुशीनं रडून राह्यली पोर," पोचूकाका म्हणाले. "चाला, वाटे करा."

एकोणीस ढीग पडले. पोचूकाका पाठ करून उभे राहिले. काठी एकेका ढिगाला लागत गेली, नावं येत गेली. अठरा झाली. एकोणिसाव्याला काठी लावून विचारायचं नसतं, तो तसाच राहतो. आज बाबांनी काठी मागून घेतली आणि त्या ढिगाला लावली.

"हा कोनाचा?"

पोचूकाका वळले. इतक्या वर्षांत वाटणीच्या वेळी ते वळलेले मी पाहिले नव्हते.

"येनाऱ्याचा. आता आली ना ते, एवढी शिकून, आपल्या गावाले. देऊन टाक उमाजी."

कुणीच नाही म्हटलं नाही. मी म्हणायला हवं होतं. मी शिकून आले नाही, हरून आले आहे, आणि हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही, एवढंच म्हणायचं होतं. आईने माझ्या कोपराला हात लावला. "घे ना बाई. पाहून राह्यले सारे."

मी पदर पसरला. मासोळ्या अजून उडत होत्या, पाणी सगळीकडे लागत होतं. पाकीट भिजू नये म्हणून बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, आपल्या दुपट्ट्याला कोरडी जागा शोधून पुसलं, आणि डोक्याला बांधलेल्या घडीत नीट खोचून ठेवलं.